किटच्या बिअरमध्ये साखरेऐवजी ड्राय माल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये आमच्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत आता गॅरेजच्या कोपऱ्यात बिअरचा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं झाकणाचं भांडं, असतं. नव्याने सुरू करणारा प्रत्येक जण पहिली बॅच झाली की फोन करतो आणि म्हणतो, बिअर झाली खरी, पण पाणचट लागते. मग साखर, माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेला जव), तापमान, गुठळ्या असं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तीच उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. आकडे १.७ किलोचा डबा आणि २३ लिटर बिअर धरून दिलेत, कारण इथल्या दुकानांत बहुतेक किट, म्हणजे घरी बिअर करायचे तयार पाकाचे डबे, याच मापाचे मिळतात.

डब्यावरच 'एक किलो साखर घाला' असं लिहिलंय. मग माल्ट कशाला?

डब्यात हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा आधीच मुरवलेला, घट्ट आटवलेला माल्टचा पाक असतो. एवढ्याच पाकात २३ लिटरपर्यंत पाणी भरलं तर जेमतेम सव्वादोन टक्के अल्कोहोलची बिअर होईल. उरलेली ताकद बाहेरून आणावी लागते, आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे साखर. डब्यावर ती सूचना असते याचं कारण एवढंच.

यीस्ट साखर पूर्णपणे खाऊन टाकतं. तिचं अल्कोहोल होतं, कार्बन डायऑक्साइड होतो आणि चवीसाठी किंवा दाटपणासाठी मागे काहीच उरत नाही. माल्टचं तसं नाही. त्यातल्या शर्करांपैकी साधारण तीन चतुर्थांश यीस्ट खातं. बाकीच्या लांब साखळ्यांच्या शर्करा, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, त्याला पचत नाहीत आणि त्या बिअरमध्येच राहतात. तोंडात बिअर भरीव लागते ती त्यांच्यामुळे. फेस टिकतो तो जवाच्या प्रथिनांमुळे, आणि साखरेत प्रथिनं औषधालाही नसतात.

म्हणजे साखर वाईटच का?

नाही. हे मला ठासून सांगायचंय, कारण घरी बिअर करणाऱ्यांमध्ये साखरेला उगाच खलनायिका करून ठेवलंय. बेल्जियममधले मठ शेकडो वर्षांची परंपरा सांगतात आणि त्यांच्या ट्रिपलसारख्या उंची बिअरमध्ये साखर असते. ती असते म्हणूनच नऊ टक्क्यांची बिअरसुद्धा जड लागत नाही. इथे ऑस्ट्रेलियातही मोठ्या कारखान्यांच्या लागरमध्ये (थंड तापमानात आंबवलेल्या फिकट बिअरमध्ये) उसाची साखर परंपरेने वापरली जाते.

प्रश्न प्रमाणाचा आहे. बेल्जियन बिअरमध्ये एकूण शर्करेचा दहा ते वीस टक्के भाग साखरेचा असतो. आपण एका डब्यात एक किलो साखर ओततो तेव्हा तो भाग चाळीस टक्क्यांच्या वर जातो. चहात साखर घालणं आणि साखरेच्या पाण्यात चहाची पावडर टाकणं, यात जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे.

साखरेमुळे बिअरला सफरचंदाच्या सायडरसारखी आंबूस चव येते, हे खरं आहे?

अर्धं खरं आहे. साखरेत नायट्रोजन नसतो, आणि यीस्टला वाढायला अमिनो आम्लं लागतात. साखरेचा वाटा फार वाढला की यीस्ट अर्धपोटी राहतं आणि नको त्या चवी सोडतं. पण त्याच चवी येण्याची आणखी तीन कारणं आहेत : कपाटात दोन वर्षं पडून असलेला जुना डबा, उष्णतेने अर्धमेलं झालेलं यीस्टचं पाकीट आणि तापलेलं गॅरेज.

माझी पहिली बॅच जानेवारीतली, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. एक किलो साखर घातली आणि फर्मेंटर गॅरेजमध्ये ठेवला. तीन दिवस बाहेर चाळीस अंशांच्या आसपास तापमान होतं. तयार झालेल्या बिअरला खरोखर सायडरचा वास होता, आणि मी सगळा दोष साखरेला दिला. पुढच्या बॅचला पूर्ण किलोभर ड्राय माल्ट घातलं, पण फर्मेंटर तिथेच ठेवला. बिअर दाट झाली, फेसही आला, पण तो वास काही गेला नाही. तिसऱ्यांदा फर्मेंटर घरात, न्हाणीघराच्या थंड फरशीवर आणून ठेवला तेव्हा वास गेला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशामुळे काय झालं हे कधीच कळत नाही.

ड्राय माल्ट म्हणजे नेमकं काय? हे काही रसायन आहे का?

अजिबात नाही. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून पीठ करतात ना, तशीच सुरुवात आहे. मोड आलेल्या नाचणीची खीर साध्या नाचणीपेक्षा पातळ राहते, कारण मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिष्टाची साखर करू लागतात. बिअरसाठी हेच जवावर करतात. मोड आणलेला आणि भट्टीत वाळवलेला जव म्हणजे माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की गोड रस निघतो. त्याला वॉर्ट म्हणतात. हा रस हवेचा दाब कमी करून आटवला की मधासारखा पाक होतो, आणि तोच गरम हवेत फवारून वाळवला की पिठासारखी भुकटी होते. ती भुकटी म्हणजे ड्राय माल्ट. दुकानात डीएमई (ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट) म्हणून मागितलं तरी समजतात.

डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, ब्रू एन्हान्सर… दुकानात इतकी पाकिटं असतात, त्यातलं काय घेऊ?

डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. यीस्टला ते साखरेपेक्षा किंचित सोपं जातं, पण दाटपणाच्या बाबतीत ते साखरेचंच भावंड आहे. माल्टोडेक्स्ट्रिन उलट टोकाचं. यीस्ट ते जवळपास खातच नाही, त्यामुळे बिअर दाट होते, पण माल्टची चव काही येत नाही. तयार मिश्रणांच्या पाकिटांत या दोघांच्या जोडीला कधी ड्राय माल्ट असतं, कधी नसतं. म्हणून पाकिटामागची यादी वाचा आणि माल्ट कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. मी स्वतः पूर्ण ड्राय माल्ट घेतो. ज्यांना एकदम एवढा खर्च करायचा नाही त्यांनी अर्धा किलो ड्राय माल्ट आणि अर्धा किलो डेक्स्ट्रोज घ्यावं. फरक पहिल्या घोटात कळतो.

किलोला किलो बदललं तर चालेल?

चालेल, पण बिअर थोडी सौम्य होईल हे आधी माहीत असू द्या. कागदावरचं गणित असं : डबा आणि एक किलो साखर घेतली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; ती हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या नळीने मोजतात आणि शर्करा खाल्ली गेली की उतरते) १.०३९ च्या आसपास, शेवटची १.००५ किंवा १.००६, आणि अल्कोहोल सुमारे ४.४ टक्के. डबा आणि एक किलो ड्राय माल्ट घेतलं तर सुरुवात जवळपास तीच, १.०३८, पण शेवट १.०१० ला होतो आणि अल्कोहोल ३.७ टक्क्यांवर थांबतं. यीस्टप्रमाणे एखाद-दुसरा अंक इकडेतिकडे होतो.

ताकद साखरेइतकीच हवी असेल तर ड्राय माल्ट १.३ ते १.४ किलो लागेल. पण मी सहसा तसं करत नाही. मी माल्ट किलोभरच ठेवतो आणि पाणी २३ ऐवजी २० लिटरपर्यंतच भरतो. अल्कोहोल पुन्हा ४.३-४.४ टक्क्यांवर येतं, बिअर आणखी भरीव होते आणि डब्यातला कडूपणाही कमी पाण्यात पसरल्याने टिकतो. तीन लिटर बिअर कमी मिळते, म्हणजे चार मोठ्या बाटल्या. त्या चार बाटल्यांची हळहळ मला कधी वाटली नाही.

माल्ट घातल्यावर बिअर गोडसर लागते. हे टाळता येतं का?

येतं. डब्यातला कडूपणा ठरलेला असतो, आणि तो बऱ्याचदा साखरेने हलक्या झालेल्या बिअरला पुरेल इतपतच असतो. माल्ट वाढलं की तो मागे पडतो. पाणी कमी करणं हा झाला एक उपाय. दुसरा, थोडे हॉप्स स्वतः उकळून घालणं, आणि इथेच ड्राय माल्टची खरी मजा आहे. तीन लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ड्राय माल्ट विरघळवा, उकळी आणा, त्यात १५ ते २० ग्रॅम हॉप्स टाका आणि पंधरा मिनिटं उकळू द्या. मग गाळून फर्मेंटरमध्ये ओता. लिटरला शंभर ग्रॅम हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण हॉप्समधला कडूपणा फार गोड पाण्यात नीट उतरत नाही.

पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) करायची असेल तर कॅस्केड जातीचे हॉप्स घ्या, इंग्लिश धाटणीच्या बिअरला ईस्ट केंट गोल्डिंग्ज, लागरसारख्या चवीला साझ. इथल्या जुन्या ऑस्ट्रेलियन बिअरची आठवण करून देणारा तिखट कडूपणा हवा असेल तर प्राइड ऑफ रिंगवूड. हे रिंगवूड म्हणजे आपल्याच मेलबर्नचं पूर्वेकडचं उपनगर. ज्या गाडीने मी कामावर जातो तिच्या मार्गावर ते स्टेशन लागतं, आणि पहिल्यांदा हॉप्सच्या पाकिटावर ते नाव वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

माझ्या माल्टच्या दगडासारख्या गुठळ्या होतात!

सगळ्यांच्याच होतात. ड्राय माल्ट हवेतली ओल झपाट्याने ओढतं. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पाकीट धरून ओतलंत की वाफेनेच ते चिकट होतं, पाकिटाच्या तोंडाशी कारमेलसारखं जमतं आणि पाण्यात पडेपर्यंत त्याचा गोळा झालेला असतो. पिठल्यासाठी बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतो ना? तेच इथे करा. पातेल्यात गार पाणी घ्या, त्यात सगळं ड्राय माल्ट एकदम ओता, व्हिस्कने किंवा रवीने घुसळा आणि मग पातेलं गॅसवर ठेवा.

तरीही गुठळ्या राहिल्या तर त्या फोडत बसू नका. झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा, त्या आपोआप विरघळतात. फर्मेंटरमध्ये चार-दोन गेल्या तरी बिघडत नाही, रात्रभरात त्यांचा मागमूस राहत नाही.

आणि पातेल्यापासून हलू नका. माल्टचं पाणी दुधासारखं ऊतू जातं, तेही उकळी फुटायच्या क्षणाला, डोळ्यांदेखत. दुधाची साय पुसता येते, हा पाक शेगडीवर जळला की खरवडावा लागतो. मोठं पातेलं घ्या, अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि फेस चढायला लागला की गॅस बारीक करा.

हॉप्स घालायचे नसतील तरी उकळायलाच हवं का?

नाही. पाकीट ताजं आणि बंद असेल तर नुकतंच उकळलेलं गरम पाणी पुरे. आधीच उघडलेलं पाकीट असेल तर मी दहा मिनिटं उकळून घेतो.

लाइट, अँबर, डार्क, व्हीट यांतलं कोणतं?

पहिल्यांदा लाइट. ते सगळ्या किटशी जमतं. रंग आणि भाजल्याची चव हवी असेल तर ती नंतर वेगळ्या धान्याने आणता येते, पण डार्क माल्टमधून ती काढून टाकता येत नाही. गव्हाच्या बिअरचं किट असेल तर व्हीट घ्या. त्यात गहू आणि जव दोन्हींचं मिश्रण असतं आणि फेस सुरेख येतो. स्टाउटच्या (काळसर, भाजक्या चवीच्या बिअरच्या) डब्याला डार्क शोभतं.

घरात हॉर्लिक्स आहे. त्यातही माल्टच असतं ना?

असतं, पण जोडीला गव्हाचं पीठ आणि दुधाची भुकटीही असते. दुधाच्या स्निग्धांशाने फेस मरतो, आणि पिठाने बिअर गढूळ होते. बोर्नव्हिटात वर कोको आणि साखर. दोन्ही नकोत. बेकरीच्या सामानात मिळणारं माल्ट एक्स्ट्रॅक्ट मात्र, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसेल तर, वापरता येतं.

आणि गूळ?

गूळ घाला, पण साखरेच्या जागी समजून, माल्टच्या जागी नाही. तो बहुतांशी उसाची साखरच आहे, त्यामुळे दाटपणा देणार नाही. त्याची चव मात्र राहते, थोडी खारट, थोडी भाजल्यासारखी. डार्क एलच्या डब्यात आठशे ग्रॅम ड्राय माल्ट आणि दोनशे ग्रॅम गूळ असं मी केलंय. एका ऑस्ट्रेलियन शेजाऱ्याने ती बिअर पिऊन हे काय आहे म्हणून विचारलं आणि मग अर्धा तास आम्ही कोल्हापूरच्या गुऱ्हाळांबद्दल बोलत बसलो. लागरच्या डब्यात गूळ नको, तिथे तो उपरा वाटतो.

हायड्रोमीटर १.०११ वर अडकलाय. आंबणं थांबलं का?

बहुधा ते पूर्ण झालंय. साखरेच्या बॅचला १.००५ बघायची सवय झालेली असते, म्हणून माल्टच्या बॅचला १.०१० ते १.०१२ बघून माणूस धास्तावतो. न खाल्ले जाणारे डेक्स्ट्रिन आत आहेत, आकडा वर राहणारच. सलग दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला तर बाटल्या भरायला हरकत नाही.

पण १.०१८ किंवा १.०२० वर थांबलं असेल तर बाटल्या भरू नका. मोकळं सांगतो, यात धोका आहे. उरलेली शर्करा बाटलीत आंबली की काच फुटते आणि तुकडे लांबवर उडतात. फर्मेंटर थोड्या उबदार जागी न्या, निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने तळाचं यीस्ट हलकेच उठवा आणि चार दिवस वाट बघा. एअरलॉकमधल्या (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतल्या) बुडबुड्यांवर विसंबू नका, झाकण सैल असेल तर बुडबुडे दिसतच नाहीत. हायड्रोमीटर घ्याच.

तापमान किती हवं?

एलच्या यीस्टला १८ ते २० अंश. काही डब्यांवर २५ च्याही वरचे आकडे छापलेले असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्या तापमानाला बिअर लवकर होते, चांगली होत नाही. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, कारण तेव्हा यीस्ट स्वतःही उष्णता सोडत असतं.

वेगळा फ्रिज नसेल तर माठाची युक्ती करा. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, भोवती जुनी सुती चादर गुंडाळा, तिचं टोक पाण्यात सोडा आणि समोर पंखा लावा. मेलबर्नची कोरडी हवा यासाठी उत्तम, चार-पाच अंश सहज उतरतात. सिडनी-ब्रिस्बेनच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. तिथे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात टाका.

बाटल्या भरताना गॅससाठी साखर लागते. तिथेही ड्राय माल्ट वापरू का?

नको. लिटरला सहा ते आठ ग्रॅम साखरेने चवीत किंवा दाटपणात काहीच फरक पडत नाही. ड्राय माल्ट वापरायचंच म्हटलं तर ते साखरेच्या दीडपट लागतं, गॅस भरायला वेळ घेतं आणि बाटलीच्या मानेशी एक कडं सोडतं. इथे साखरच योग्य.

पातळ माल्ट एक्स्ट्रॅक्ट स्वस्त मिळतंय. ते घेऊ?

ताजं असेल तर खुशाल. त्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून एक किलो ड्राय माल्टच्या जागी साधारण सव्वा किलो पाक धरा. हॉप्स न घातलेला पाक आहे ना, हे तपासा. चुकून किटचाच दुसरा डबा ओतलात तर कडूपणा दुप्पट होईल. पाक शिळा झाला की रंग गडद होतो आणि चव जुनाट लागते. ड्राय माल्ट जास्त टिकतं, म्हणून मी त्याच्याकडे वळलो.

उरलेलं पाकीट कसं ठेवायचं?

घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या मिठाचं जे होतं, ते याचं एका रात्रीत होतं. दगड झालं तरी फेकू नका. त्याला बुरशी नसेल, वास चांगला असेल तर तो तुकडा तसाच गरम पाण्यात टाका, विरघळतो.

घरात एकाला ग्लुटेन चालत नाही.

मग ही बिअर त्यांच्यासाठी नाही. जवात ग्लुटेन असतं आणि ड्राय माल्टमध्येही ते येतं.

पुण्याला भावाला एक किट पाठवू का?

पाठवू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे. बिअरही त्यात आलीच. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर करता येते, विकता येत नाही, आणि परवान्याशिवाय गाळून दारू काढणं इथेही बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरच्या परवान्याची अट गेली आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये तशा कायद्यावर सही केली. भाऊ इकडे आला की त्याला सोबत घेऊन एक बॅच लावा, त्याला ते पाठवलेल्या डब्यापेक्षा जास्त आवडेल.

माल्टची बिअर किती दिवसांनी प्यायची?

दोन आठवड्यांनी गॅस भरलेला असतो, तेव्हा एक बाटली उघडून बघा. चव अजून कच्ची लागेल. चार आठवड्यांनी माल्टची गोडी आणि कडूपणा एकमेकांत मुरतात. डार्क माल्टच्या बिअरला मी दोन महिने देतो. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे यीस्ट तळाशी बसेल, आणि ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.